मशीनच हाये, ताई

जाफराबादला जाणाऱ्या जीपमध्ये रोज सकाळी माझ्या शेजारी एक गृहस्थ बसतात. आमच्याच गावचे, एका शाळेत क्लार्क आहेत. डबा मांडीवर, चष्मा कपाळावर आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बराबर?’

गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध मी फेसबुकवर लिहिलं, तेव्हापासून एक बिनफोटोचं खातं मला धमकावत होतं. ‘तुझं घर माहीत आहे,’ असं रोज यायचं. मी ते त्यांना दाखवलं.

“भिऊ नका ताई. असली खाती मशीन चालवून राह्यली. आपण त्याला लाइटचं विचारू. माणूस कितीबी तापलेला असू द्या, लाइटचं विचारलं की सांगितल्याबिगर राहत न्हाई. बराबर?”

हसत हसत त्यांनी माझ्या मोबाइलवर टाइप केलं, ‘या हप्त्यात शेतात लाइट दिवसा हाये का रातची?’

उत्तर आलं नाही. “मशीनच हाये,” ते रोज जीपमध्ये चढताना म्हणायचे, आणि मला रात्री जरा झोप लागायची.

काल वाटेतच मोबाइल वाजला. ‘रातची. पण मारुतीमागची डीपी जळाल्ती, ती बसवली काल.’

त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ‘बराबर’ म्हणाले नाहीत. मारुतीमागच्या डीपीवर, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर, फक्त आमच्या गल्लीची लाइट आहे. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सावकाश मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं.

जीपमध्ये सगळी गल्ली होती. सगळे मान खाली घालून मोबाइल बघत होते.