फिकट रंगावर भरवसा न ठेवणाऱ्या ताई

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ताईंइतकं संशयी माणूस अख्ख्या नाशकात सापडलं नसतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासायला आलेल्या गाठींचे पातळ काप रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तिथला नियम त्या घरी घेऊन आल्या: ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे असा नमुना शेजारी असल्याशिवाय कशालाच खरं मानायचं नाही. बाजारात जाताना घरची मिरची पिशवीत टाकून नेत आणि विकणाऱ्या मावशीसमोर दोन्ही चावून बघत. मावशी एकदा वैतागली, "ताई, लय तिखट हाय म्हनलं ना!" डोळ्यांतून धारा वाहत असताना ताई म्हणाल्या, "हो, पण कशापेक्षा?" आमच्याकडे चहाला येतानाही घरचा अर्धा कप सोबत आणत. माझ्या बायकोला त्याचा भयंकर राग यायचा.

मग तिलाच बाजूचं दिसेनासं झालं. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि तुकडा नेमका ताईंच्या लॅबमध्ये गेला. गाठ आजूबाजूला घुसणारी आहे का, याचा अंदाज देणारी प्रथिनं त्यात रंगवून बघायची होती. काप जितका गडद, तितकी काळजी जास्त. तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, "फिकट दिसतंय." मी पेढे आणले. संध्याकाळी ताई दारात उभ्या. "पेढे एवढ्यात वाटू नका. जो नमुना गडद यायलाच हवा, तोही फिकट आलाय. म्हणजे रंगच चढला नाही. डॉक्टरांना दाखवलंय, पुन्हा करतोय." बायको रडायला लागली. मी धाडकन दार लावलं.

दोन दिवस आम्ही त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या धापा टाकत जिना चढून आल्या. फार आनंद झाला की त्यांच्या तोंडी सटाण्याची, माहेरची बोली यायची. "भाऊ, आते खरं शे! तो गडद, वहिनीचा फिकट!" डॉक्टरांनी रिपोर्टवर सही केली, दरवर्षी एमआरआय करायला मात्र बजावलं. पहिला चांगला आला.

यंदा ताई निवृत्त होऊन सटाण्याला गेल्या. निघताना मी न राहवून विचारलं, "दुसऱ्यांदा हिचाही काप गडद आला असता तर?"

"तर तेही सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "फक्त दारातून नाही. आत येऊन, वहिनीजवळ बसून."

बायकोने त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि त्यांच्यापुढे जिना उतरू लागली.