मसऊदाबाईंची पाण्याची वाटी

शारजात सोफिया चेऊलकरच्या उपासाचा मोठा दबदबा होता. दार फळणीच्या सणाला कोकणातली बेने इस्रायल ज्यू माणसं दारं लावून घरात बसतात, पंचवीस तास ना अन्न, ना पाणी. सोफिया तर आदल्या दुपारपासूनच पाणी वर्ज्य करायची. हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसात ती डिस्पॅच सांभाळे आणि दिवसभर ड्रायव्हरांच्या मागे यल्ला यल्ला करत असे. तिच्या सणाची वाट ड्रायव्हरही पाहायचे, तेवढीच एक दिवस कानांना विश्रांती.

गोम एवढीच, की सणानंतर आठवड्याभरात तिला मुतखडा गाठायचाच. दोष कधी टँकरच्या पाण्याला, कधी चिंचेला. उपासाला बोल लावायची मात्र कुणाची टाप नव्हती.

या कडक उपासाचं मूळ ठाण्यात होतं. सोफियाची आई मसऊदाबाई लिबियाची ज्यू. वडील तरुणपणी इस्रायलला नोकरीला गेले आणि तिच्याशी लग्न करून परतले. बाईंचं मराठी मोडकं, पण हाताला अशी चव की आळीने त्यांना कधीच आपलं म्हटलं. आणि एका सणाला दहा वर्षांच्या सोफियाने याच आईला दाराआड वाटीने पाणी पिताना पकडलं! पोरगी चार दिवस आईशी बोलली नाही. आईच्या वाटचा उपासही आता आपणच करायचा, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

यंदा दुखणं सणाच्या महिनाभर आधीच उपटलं. डॉक्टर संजनाने खडा काढून लॅबला पाठवला.

"मॅडम, हा कॉमन स्टोन नाही, सिस्टिनचा आहे. हा घराण्यातून येतो. तुमची आई कुठली?"

"लिबियाची ज्यू."

"मग जुळलं! लिबियातून आलेल्या ज्यू फॅमिलीजमध्ये हा जास्त दिसतो. तुमची एक किडनी आधीच अर्ध्यावर आलीये. दिवसरात्र पाणी प्यायचं. तुमचा तो बिनपाण्याचा उपास आता खलास. आणि मुलीचीही टेस्ट करा."

किडनीपेक्षा सोफियाला उपासाचीच काळजी जास्त. सणाच्या आदल्या सकाळी तिने ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, तू सणाला पाणी प्यायचीस ते खड्यामुळे?"

"मग काय हौस म्हणून?" मसऊदाबाई खदखदून हसल्या. "माझा बाप, माझी आत्या, सगळ्याला खडा. आमचा रब्बी बोलला, थोडा थोडा पी, देव घोट मोजत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस गं?"

"तू बोलत होती कुठे माझ्याशी? मग मला वाटला, पोरगी विसरली."

सोफिया आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. पस्तीस वर्षं ती आईचं जे पाप फेडत होती, ते आईने केलंच नव्हतं.

सणाच्या दिवशी भर दुपारी तिने हॉलच्या मधोमध खुर्ची ओढली आणि आमटीच्या वाटीत पाणी ओतलं. पंधरा वर्षांची लेक रोझ डोळे विस्फारून बघत राहिली. तिचा रिपोर्ट परवाच आला होता. तीही आजीवरच गेली होती, आणि पाणी तिलाही सांगितलं होतं.

"ममा! आर यू अलाउड?"

"आजीच्या रब्बीची परवानगी आहे." सोफियाने सावकाश एक घोट घेतला. एवढं गोड पाणी ती जन्मात प्यायली नव्हती. मग वाटी पुन्हा भरून तिने लेकीपुढे धरली.

"घे. माझ्यासमोर बसून पी. दाराआड नाही हं."