वरच्या आळीचं पाणी

आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी हे पृथ्वीच्या पाठीवरचे एकमेव नगराध्यक्ष असावेत, ज्यांचं गाव एका खंडात आहे आणि कारभार दुसऱ्यात. गाव तिकडे तुर्कस्तानच्या डोंगरात, कुर्द लोकांचं. कारभार इथे शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूवर. हात पाठीमागे बांधून ते मिठाईच्या दुकानापासून साड्यांच्या दुकानापर्यंत रोज संथ फेरी मारतात, बसथांब्यावरच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करतात, आणि फुटपाथ उखडलेला दिसला की महापालिकेला फोन लावतात. "इथे तुम्हाला मत कोण देणार?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मत मागायचं नसलं की कामं भराभर होतात, सिस्टर."

पण त्यांचं खरं वेड पाण्याचं. कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडतात, डोळे मिटून धार ऐकतात आणि "प्रेशर चांगलं आहे" असा दाखला देतात. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, तू प्लंबरला कॉल केलास का?" मी सोलापूरची. वाया जाणारी धार बघून माझा जीव कासावीस होतो. त्यामुळे "आता बंद करा" हे मी त्यांना दर वेळी सांगते, आणि ते आज्ञाधारकपणे बंद करतात. मग चहा. साखरेचा खडा दातांत धरून कोरा चहा प्यायची त्यांची रीत. माझ्या आल्याच्या दुधाळ चहालाही ते तीच लावतात आणि वर त्याची तारीफ करतात.

अशाच एका चहाला सगळं कळलं. त्यांच्या गावाची वरची आळी कायम कोरडी. त्यांची बहीण तिथेच राहते. खालच्या झऱ्यावरून पाणी वाहून तिची कंबर गेली. 'वर पाणी आणीन' एवढ्या एका शब्दावर ते निवडून आले. टाकी बांधली, पाइप टाकले, आणि पाणी सोडायच्या आत सरकारने त्यांना पदावरून काढलं. गावातल्या पाट्या कुर्दी भाषेतही लावल्या, हा गुन्हा. खुर्चीत सरकारी अधिकारी बसला आणि हे तुरुंगात गेले. सुटल्यावर, पुन्हा पकडतील म्हणून इथे आले, तरी बहिणीला फोनवर पहिला प्रश्न तोच, "पाणी आलं?" आणि उत्तरही तेच, "अजून नाही." तुरुंगाच्या गोष्टी ते हसत सांगतात. हे सांगताना मात्र साखरेचा खडा हातातच राहिला.

गेल्या रविवारी सकाळी ते आमच्याकडे असतानाच त्यांचा फोन वाजला. पलीकडून बहीण काही बोललीच नाही. नुसती पाण्याची खळखळ. त्यांनी डोळे मिटले. आमचं स्वयंपाकघर, खालून जाणारी बस, ओट्यावरची भांडी, सगळं जणू अलगद त्या डोंगरावर जाऊन बसलं, आणि माझं दूध उतू गेलं. बराच वेळ बोलून झाल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला.

"फीत त्या अधिकाऱ्याने कापली," ते म्हणाले. "पाटीवर नावही त्याचंच आहे."

मला भयंकर राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला.

"राहू दे, सिस्टर. बहिणीने आज घरात आंघोळ केली."

मग सवयीने उठून त्यांनी आमचा नळ सोडला आणि तिथेच उभे राहिले. प्रेशरबद्दल काही बोलले नाहीत. "तिकडची धार जरा वेगळी वाजते," एवढंच म्हणाले. आता त्या गावी त्यांना जाता येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पाणी वाहत राहिलं, आणि मी त्यांना बंद करा म्हटलं नाही.