हरभऱ्याच्या मुळातली लाली

उत्तम गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा आमचा हरभरा फुलावर होता. उत्तम माझा धाकटा भाऊ. झोपेतच गेला, त्रास झाला नाही, असं भावजय म्हणाली. चांगलं झालं. माणूस गेला की लोक त्याला देव करतात, तसं मी करणार नाही. तो तापट होता, बशीतला चहा मोठ्याने फुरकायचा आणि कोणाच्याही वावरात गेला की न विचारता एक झाड उपटायचा. मी चौथी शिकलेली. त्याचं शास्त्र त्याने सांगितलं तेवढंच मला कळतं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. केनवडजवळच्या खेड्यात आम्ही राहायचो. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावच्या विहिरीला ते कळलं नव्हतं. आमचा बा पाटलाकडे सालदार होता. उत्तम शेतकी कॉलेज संपवून घरी आला आणि आणखी दोन वर्षं शिकतो म्हणाला. बा म्हणाला, "कायले? नोकरी धर." मग उत्तमने हरभऱ्याचं झाड आणलं, मुळाची माती झटकली आणि मुळावरची एक गाठ नखाने फोडली. आत लाल होतं.

"रगत हाय का हे?" बाने विचारलं.

"रगत नाही, बा. पण आपल्या रगतात जे प्रोटीन लाल असते ना, त्याच्याच घराण्यातलं हाय. मानसात, बैलात, मासोयीत, गांडुयात... अन् या मुयात बी. थोडं थोडं बदललं, पन नातं जुनं हाय. हवा धरून ठेवाचं काम करते."

बा हसला. "मंग जाय, पाटलाले सांग. त्याच्या हरभऱ्याचं, त्याचं अन् आपलं घरानं एकच हाय म्हना. तो हो म्हनला तं शीक."

दुसऱ्या दिवशी मी पाटलाच्या वावरात तण निंदायला होते. उत्तम खरंच आला. पाटलासमोर गाठ फोडली आणि सगळं सांगितलं. पाटलाने त्याच्या हातातून ती गाठ घेतली, उन्हात धरून पाहिली, वास घेतला. मग म्हणाला, "वावर मायं, हरभरा माया, अन् सोयरा तुया? लय शिकला बुवा!" सगळे हसले. बायाही हसल्या. पाटील म्हणाला, "पोट्टं उन्हातून आलं, पानी पाजा त्याले." कोणीतरी नेहमीसारखं वरून पाणी ओतलं, उत्तमने ओंजळ धरली आणि प्यायला. मला त्याचाच राग आला. परत येताना विचारलं, "काहून पेला?"

"तहान लागली होती, बाई."

संध्याकाळी बाने विचारलं, "हो म्हनला का?"

"नाही."

आता शिक्षण संपलं, असं मला वाटलं. मी रागातच म्हणाले, "हातातून घेतलं, वास घेतला, अन् वरून हसला."

बाने वर पाहिलं. "उत्तमच्या हातातून घेतलं?"

"हो."

बा तंबाखू मळू लागला. "माया हातून त्यानं आजलोक काही घेतलं नाही. खाली ठेवा लागते, मंग उचलते." मग उत्तमकडे न बघताच म्हणाला, "जाय. शीक."

उत्तम शिकला, आयुष्यभर मुळांत डोकं घालून बसला. पाटील मात्र शेवटपर्यंत आमच्या घरचं पाणी प्यायला नाही. उत्तमला त्याचं काही वाटायचं नाही, मला वाटायचं. आमच्या भागात हरभरा उपटायची रीत. उत्तम दर वर्षी माझ्या वावरात येऊन भांडायचा, "इळ्यानं सोंगत जा, बाई. मुयं जमिनीत राहू दे, पुढच्या पिकाले कामी येतात."

या वेळी पुण्यानुमोदन, येणंजाणं यांत वावरात जायला उशीर झाला. गेले तेव्हा घाटे वाळले होते. एक झाड उपटलं, गाठ फोडली. आत लाल काही नव्हतं, नुसतं मातकट. तेही त्याने सांगून ठेवलं होतं... दाणा भरत आला की लाली जाते, तिचं काम झालेलं असतं.

घाटा चोळून पाहिला. दाणा भरला होता. मजुरणी उपटायला वाकल्या, त्यांना थांबवलं आणि हातात विळे दिले.