सैल बांधलेली गाडी

परत आलेल्या सामानात टेबल-टेनिसचं टेबल निघालं, त्या दिवशी तिचा तोल गेला. "टेबल आलं, माणूस नाही आला," असं म्हणून तिने पाण्याचा पाइप तिथेच टाकला आणि यार्डाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. पाइप सापासारखा वळवळत सगळ्यांना भिजवून मोकळा झाला. तिला बोलायची मात्र कुणाची हिंमत झाली नाही.

बंदरामागच्या धुलाई यार्डात ती काम करायची. परदेशात वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या लढाईतून सैन्य परत आणायचं एकदाचं ठरलं होतं, आणि माणसांच्या आधी सामान येत होतं. ट्रक, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, घडीच्या खुर्च्या. तिकडच्या मातीतून कीड, रोग, भलतंसलतं बी इकडे शिरू नये म्हणून प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय गेटाबाहेर जाऊ द्यायची नाही, असा नियम. तपासणीवाला बॅटरी घेऊन गाडीखाली शिरायचा आणि गवताची एक काडी सापडली तरी गाडी पुन्हा पाण्याखाली. माणसं तिकडच्या मातीत वर्षंच्या वर्षं लोळवली तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, आता चिमूटभर माती नको, असं ती त्याला ऐकवायची. तो बिचारा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. यार्डात सगळे तिला चिखलताई म्हणत, आणि तिच्या जिभेला हाड नाही, हेही एकमेकांना सांगत.

तिचा नवरा त्याच सैन्यात होता. त्याचं काम काय, तर परत येणारं सामान ट्रकांवर चढवून बांधायचं. सैन्यात जाण्याआधी तो आणि ती एकाच गोदामात कामाला होते, त्यामुळे त्याची गाठ ती डोळे मिटूनही ओळखायची. दोराला दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं आणि वरून थोपटून बसवलेलं. ताडपत्रीवर ती गाठ दिसली की पहिल्यापहिल्यांदा तिला बरं वाटे, आणि सोडताना ती जरा वेळ लावी. मग हळूहळू त्या गाठीचाच राग यायला लागला. साऱ्या दुनियेला घरी पाठवतोय आणि स्वतः तिकडेच बसलाय, असं पुटपुटत ती दोर खसाखसा ओढायची.

त्याचं घोडं अडलं होतं ते त्याच्या चांगल्या कामावर. फोनवर त्याचं एकच पालुपद. साहेब म्हणतात, तुझ्यासारखं बांधणारा दुसरा कुणी नाही, बदली माणूस तयार झाला की सोडतो. वाईट बांधा की मग, असं तिने एकदा सांगून पाहिलं, तर हा हसला. सामान रस्त्यात घसरलं तर मागून येणाऱ्याच्या अंगावर जाईल, म्हणाला. त्या वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिची घाई उगाच नव्हती. मुलगी उन्हाळा संपला की नर्सिंगच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जाणार होती. बाप तिकडे गेला तेव्हा ती त्याच्या पायांवर उभी राहून घरभर फिरायची, आता त्याच्या चपला तिला बरोबर बसत होत्या. तो उन्हाळ्याच्या आत आला तर चार महिने का होईना, तिघं एका छपराखाली राहतील. नाही आला तर पोर जाईल, पुढे नोकरी लागेल, आणि बाप-लेक एका घरात राहायचे दिवस पुन्हा येणार नाहीत. हे तिला लख्ख दिसत होतं आणि त्यात तिच्या हातात काही नव्हतं.

दोनदा त्याने येण्याची तारीख कळवली होती. दोन्ही वेळा मुलीने त्याची खोली झाडली, गादी उन्हात टाकली, आणि दोन्ही वेळा तारीख पुढे गेली. दुसऱ्या वेळी पोर दिवसभर जेवली नाही. तेव्हा चिखलताईने नवऱ्याला बजावलं, की यापुढे विमानात पाय ठेवल्याशिवाय येतोय म्हणून सांगायचं नाही. आशा लावून तोंडाला पानं पुसायची असतील तर तोंडच उघडू नका. तो बरं म्हणाला, आणि शब्दाला जागला.

मग एक दिवस ती गाडी आली. ताडपत्री फाटलेली, आतली कपाटं एकमेकांवर कोसळलेली, आणि तिकडचा लाल चिखल फटीफटीत शिरून वाळलेला. दोर कसाही गुंडाळून वर दोन-चार गाठी मारल्या होत्या. ही त्याची गाठ नाही, हे तिला बघताक्षणी कळलं. मग त्याची का नाही, हा प्रश्नही तेव्हाच पडायला हवा होता. पण अख्खा दिवस त्या गाडीने खाल्ला, संध्याकाळी तपासणीवाल्याने ती परत धुवायला पाठवली, आणि तिच्या डोक्यात रागाशिवाय कशाला जागाच उरली नाही. ओल्या कपड्यांनिशी ती मुकादमापुढे जाऊन उभी राहिली. तिकडे कळवा, म्हणाली, की ज्याने ही गाडी बांधली त्याला यापुढे दोराजवळ फिरकू देऊ नका. ज्या मुकादमाकडून साधे हातमोजे मिळवायचे तर नाकी नऊ येत, त्याने नेमकं त्याच दिवशी लगेच फोन लावून निरोप पोचवला.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर तो मुद्द्यावर आला.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "बदली माणूस मिळाला होता. त्याच्या हातच्या गाड्या तक्रारीशिवाय पोचल्या, की पुढच्या विमानाने मी सुटणार होतो. तू बजावलं होतंस म्हणून बोललो नाही. पण तुमच्या यार्डातून कुणीतरी तक्रार केली. आता शेवटची गाडी निघेपर्यंत मीच."

शेवटची गाडी म्हणजे उन्हाळा संपून पार हिवाळा. लपवता आलं असतं. यार्डात माणसं काय थोडी होती. पण तिला ते जमलं नाही.

"मीच केली तक्रार," ती म्हणाली.

तो ओरडेल, निदान चिडेल तरी, म्हणून ती फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली.

"बरोबरच केलंस," तो म्हणाला. "सैलच होती ती. निघताना पाहिली होती मी."

"पाहिली होती? अहो, मग आवळली का नाही?"

"हात पुढे केला होता." तो म्हणाला. "मग म्हटलं, जाऊ दे. एकदा जाऊ दे तशीच. मला घरी यायचं होतं गं."

मुलगी केव्हाची शेजारी उभी राहून फोनसाठी हात पुढे करत होती. चिखलताईने तो तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली. एवढी वर्षं भांडून भांडून त्याच्या तोंडून जे ऐकायचं होतं, ते आज तिने ऐकलं होतं, आणि त्याचं घरी येणं तिनेच मोडून टाकलं होतं.