हळदीआधीचा होकार

हरिओमला कुणी काही मागायचा अवकाश, की त्याचं ‘हाव’ तयार. बैलजोडी देतोस का? हाव. सप्त्यात वाढायला येतोस का? हाव. वऱ्हाडात होकाराला हाव म्हणतात, आणि मोताळ्याजवळच्या त्या खेड्यात तो सगळ्यात स्वस्त कुणाकडे मिळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकदा त्यानं फवारणीचा पंप एकाच सकाळसाठी तिघांना कबूल केला. तिघंही त्याच्या दारात हजर झाले तेव्हा हा चौथ्याच्या मोटारसायकलवर बसून मलकापूरला निघून गेला होता. माणूस लबाड नव्हता हो. समोरच्याचा पडलेला चेहरा त्याला बघवायचा नाही, म्हणून तो आधी हाव म्हणून टाकायचा आणि मग तोंड लपवत हिंडायचा.

बाकी गडी कामाला वाघ. वांगी, मिरची, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, हे सगळं तो आणि त्याची आई सुभद्राबाई दोघं मिळून पिकवायचे आणि मोताळ्याच्या बाजारात विकायचे. तिशी जवळ आली तरी लग्न जमत नव्हतं. शेतकरी मुलगा म्हटलं की पोरीवाले चहा पिऊन निघून जायचे. शेवटी जानेफळच्या सहदेवरावांची पूनम हो म्हणाली, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, तारीख निघाली. सुभद्राबाईंचे पाय जमिनीवर राहिनात.

अशातच भर बाजारात हरिओमचा फोन वाजला. एका हातात तराजू, खांद्याशी फोन. पलीकडून, दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी विचारलं, कॉलेजात असताना बुलढाण्याच्या एका शिबिरात गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना दिला होता, आठवतं का? हरिओमला आठवलं. मित्र रांगेत उभे होते म्हणून तोही राहिला होता. बाई म्हणाल्या, रक्ताचा कर्करोग झालेल्या एका बाईशी तुमचा नमुना जुळतोय. घरातल्या कुणाचाच जुळलेला नाही. त्यांना तुमच्या रक्तातल्या मूळ पेशी द्यायच्या आहेत.

“हाव,” हरिओम म्हणाला.

“आज हो म्हणूच नका,” बाई शांतपणे म्हणाल्या. “घरी बोला, डॉक्टरांना विचारा. आत्ता नाही म्हणालात तरी कुणी रागावणार नाही. पण एकदा त्यांची तयारी सुरू झाली, की औषधं देऊन त्यांच्या शरीरातलं रक्त बनवणंच थांबवतात. त्यानंतर तुम्ही मागे फिरलात, तर त्या वाचणार नाहीत.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हरिओमचा होकार परत केला होता. पण त्याची छाती मात्र धडधडत होती, आणि ती आनंदानं. लाखो नमुन्यांतून आपलाच निघाला! समोरच्या म्हातारीला त्यानं मिरचीबरोबर सांबाराची जुडी फुकट देऊन टाकली आणि शेजारच्या कांदेवाल्याला सगळी हकीगत सांगितली. त्याच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ. बाजार उठेपर्यंत अख्ख्या मोताळ्याला कळलं, आणि तो गावी पोचायच्या आत गावात बातमी होती की हरिओम किडनी देऊन राह्यला.

सुभद्राबाईंनी त्याला दारातच धरलं. किडनी नाही हे समजावलं, तर त्यांना पाठीच्या कण्याची धास्ती बसली. कण्यात सुया घालतील, पोरगा खाटेला खिळेल, नवरी काय पाहायची? हरिओम त्यांना सरळ बुलढाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी समजावलं की कण्याला कुणी हात लावणार नाही. आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची, त्यानं हाडं ठणकतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, लागतं तेवढंच यंत्र काढून घेतं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. दिलेलं काही आठवड्यांत शरीर पुन्हा तयार करतं. सुभद्राबाईंनी सगळं ऐकलं, दोनदा विचारलं, आणि येताना एसटीत मुलाच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. रक्त तपासणीत सगळं पक्कं जुळलं तेव्हा त्यांनीच देवापुढं साखर ठेवली.

आणि मग दवाखान्याची तारीख आली. नेमका लग्नाचाच आठवडा. म्हणजे अंगाला हळद लागलेली, आणि हा नागपूरला.

त्यांच्या घरची रीत कडक होती. हळद लागली की नवरदेवानं गावाची शीव ओलांडायची नाही. त्याच्या अंगाला लागून उरलेली उष्टी हळद तेवढी डब्यातून नवरीकडे जायची, आणि तो डबा नेणाऱ्या बाईनं वाटेत कुठं टेकायचं नाही, डबा भुईवर ठेवायचा नाही, थेट नवरीच्या हातात द्यायचा. सुभद्राबाईंच्या स्वतःच्या लग्नात तो असाच आला होता. रीत मोडायला त्या काही केल्या तयार होईनात.

हरिओमनं फोन करून तारीख पुढं सरकेल का विचारलं. बाई म्हणाल्या, आजार थांबत नाही हो. दोन दिवसांत काय ते नक्की सांगा.

त्या दिवशी तो वांग्यांच्या ओळींतून नुसता फिरत राहिला. जुनी सवय त्याला खुणावत होती. आईला हाव म्हणावं, बाईंनाही हाव म्हणावं आणि ऐन वेळी मलकापूर गाठावं. पण या वेळी दारात पंप मागणारे उभे नव्हते. कुठल्याशा शहरात, नाव-गाव माहीत नसलेली एक बाई होती, आणि हा मलकापूरला गेला तर ती मरणार होती. नाही म्हणणं सोपं होतं, तेही जमेना. हाव म्हटलं तर पूनम हातची जाणार ही भीती. शेवटी त्यानं मोटारसायकल काढली आणि जानेफळ गाठलं.

सहदेवरावांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. लग्नाच्या आठवड्यात नवरदेव दवाखान्यात म्हटल्यावर लोक काय बोलतील? पोरातच काही खोट आहे म्हणतील. त्या लोकांना दुसरा कुणी मिळेल, तुम्ही नाही म्हणून कळवा, असं त्यांनी सरळ सांगितलं. पूनम त्याच खोलीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मशीन थांबली.

“तुमचं हाव जानेफळपर्यंत माहीत हाये,” ती म्हणाली. “पंपाची गोष्ट मले साक्षगंधाच्या आधीच समजली होती.”

हरिओमची मान खाली गेली.

“त्या फोनवाल्या बाईले काय सांगतलं मंग?”

“अजून काईच नाई.”

“काऊन?”

“हाव म्हटलं अन् मागं फिरलो, तर तिथं माणूस मरते,” हरिओम म्हणाला. “म्हणून आधी इथं आलो. इथं नाई म्हटलं तरी मी जाईनच, पण तुमाले सांगून जाईन.”

पूनम बापाकडे वळली. “बाबा, तारीख पुढं न्या. ज्या घरात हे असं हाव म्हणतेत, त्या घरात मले जाचं हाये.”

सहदेवराव बराच वेळ पंचांग चाळत बसले. चाळायला घेतलं यातच सगळं आलं. हरिओम अंगणात गेला, फोन लावला. नीट विचार केला का, असं बाईंनी पुन्हा विचारलं. त्यानं पूर्ण प्रश्न ऐकून घेतला, आणि मग म्हणाला, हाव. फोन ठेवल्यावर त्याला इतका आनंद झाला की मोटारसायकल तो तिथंच विसरून फाट्यापर्यंत चालत गेला.

इंजेक्शनांनी हाडं खरंच ठणकली. त्याचंही त्याला कौतुक. कारखाना चालू झाला, असं तो पूनमला फोनवर सांगायचा. नागपूरच्या दवाखान्यात दोन्ही हातांना नळ्या लावून तो पडला, तेव्हा शेजारच्या खुर्चीत सुभद्राबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. वर टांगलेली छोटी पिशवी हळूहळू भरत होती. ती कुणाला जाणार हे आज सांगता येणार नाही, निदान वर्षभर तरी नाही, हे ऐकून त्या नुसत्या पिशवीकडे बघत राहिल्या.

दुपार टळायच्या सुमारास पिशवी उतरवली. एका तरुण बाईनं ती गार डब्यात ठेवून झाकण लावलं. हाच डबा घेऊन ती विमानानं जाणार होती. ती दाराकडे वळली तशा सुभद्राबाई लगबगीनं उठल्या आणि तिच्यापुढं उभ्या राहिल्या. हरिओमला वाटलं, आता माय काय करते?

सुभद्राबाईंनी डब्याला हात लावून तो कपाळाला नेला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“बाई, वाटेत कुठी टेकू नोको,” त्या म्हणाल्या. “डबा भुईवर ठेवू नोको. थेट तिच्याचकडे ने.”

ती तरुण बाई नागपूरचीच असावी.

“हाव, मावशी,” ती म्हणाली, आणि डबा छातीशी धरून चालू लागली.