मामाजींची मिल

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या तोंडून ‘माझी मिल’ हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. तिरोड्याच्या रस्त्याला आमची राईस मिल आहे. ती त्यांनीच उभी केली. पण कुणी ‘तुमची मिल’ म्हटलं की ते लगेच दुरुस्त करत, “आपली म्हणा. मी एकटा पोते उचलतो का तिथं?”

हे नुसतं बोलणं नव्हतं. वर्षाचा हिशेब झाला की अक्षय तृतीयेला मिलच्या आवारात सगळ्यांना बोलवायचं आणि नफ्यातला ठरलेला भाग सारखा वाटायचा, हा त्यांचा शिरस्ता. मशीनवरचा ऑपरेटर असो, हमाल असो की उन्हात धान पसरणाऱ्या बाया, हिस्सा एकच. त्याला बोनस म्हटलेलं त्यांना खपत नसे. “बोनस मालक देते. हिस्सा ज्याचा त्याचा असते.” तोट्याच्या वर्षीही ते सगळ्यांना बोलवत आणि तोटा झाला म्हणून स्वतः सांगत. लोक चहा पिऊन घरी जात. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

गुडघे गेल्यावर त्यांचं मिलमध्ये जाणं थांबलं आणि कारभार माझ्या नवऱ्याकडे आला. त्यानं तांदळातला काळा दाणा वेगळा करणारी नवी मशीन आणली, फाटकावर वडिलांच्या नावाची मोठी पाटी लावली. त्या वर्षी मिल जोरात चालली. घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येक हमालाला मामाजी सांगत, “औंदा हिस्सा चांगला भेटन.”

अक्षय तृतीयेला माझ्या नवऱ्यानं सगळ्यांना सांगितलं, मशीनच्या कर्जामुळे यंदा नफाच झाला नाही.

रात्री जेवताना मामाजींनी विचारलं, “हप्ते जाऊन बी काहीच नाही उरलं?”

“उरलं, बाबा. पण मिल वाढवायची आहे. आता कोणी असं वाटत नाही.”

मामाजींनी ताट सरकवलं. सकाळी मला म्हणाले, “सूनबाई, गाडी काढ.”

भर उन्हात माझ्या स्कूटीवर मागे बसून ते मिलमधल्या माणसांच्या घरोघरी गेले. दारात काठीवर उभं राहून सगळीकडे तेच सांगत, “नफा झाला होता. तुमाले खोटं सांगतलं. मी कबूल केलं होतं, म्हणून सांगाले आलो.” लोक खाट टाकत, पण ते बसत नसत. मी स्कूटीपाशीच थांबे. बायकांनी हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखं करी.

धान पसरणारी सुगरताबाई तोंडाची फटकळ. तिनं विचारलं, “मंग आता देता का, बाबूजी?”

“माह्या हातात नाही राहिलं.”

“तं सांगाले कायले आले?”

मामाजी मान खाली घालून तसेच उभे राहिले. एवढा ताठ माणूस असा उभा मी पहिल्यांदाच पाहत होते.

नवरा संतापला. “सगळ्यांसमोर मला चोर ठरवलं तुम्ही.”

“तुले एकट्याले नाही. पाटीवर नाव माहं हाय,” मामाजी म्हणाले. “ते पुसून टाक.”

नवऱ्यानं ते मनावर घेतलं नाही. तेव्हा मामाजींनी स्वतः पेंटरला बोलावलं आणि आपल्या नावावर पांढरा रंग मारून घेतला. ‘राईस मिल’ एवढंच उरलं. काही हमाल दुसऱ्या मिलमध्ये गेले. सुगरताबाई राहिली, पण माझ्याशी बोलेनाशी झाली. हिवाळ्यात मामाजी गेले. शेवटच्या आजारात मिलची माणसं भेटायला आली की ते डोळे मिटून घेत.

वर्षश्राद्ध झालं तेव्हा नवऱ्याला वाटलं, वडिलांचं नाव पुन्हा पाटीवर यावं. पेंटर शिडीवर चढला. मी फाटकाशी पूजेचं ताट घेऊन उभी होते. ट्रकमधून पोती उतरवणारे हमाल थांबले.

सुगरताबाई पुढे आली. “हिस्सा चालू केला का, भाऊ?”

नवऱ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर ताटाकडे वळवली.

“उतर खाली,” तो पेंटरला म्हणाला.

पेंटर उतरला. शिडी उचलून निघताना त्यानं मला विचारलं, “पुन्हा कधी येऊ, वहिनी?” सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ताट घेऊन स्कूटीपाशी जाऊन उभी राहिले.